राखण की लावणी? वर्षावनांसाठी पैसे देण्याआधी

वर्षावनांसाठी थोडे पैसे बाजूला काढलेत आणि समोर दोन पत्रकं आहेत. एक म्हणतं, आम्ही उभं जंगल राखतो. दुसरं म्हणतं, तुमच्या नावाने रोप लावतो. मन दुसऱ्याकडे झुकतं, कारण तिथे रोपाचा फोटो मिळतो. राखणीत दाखवण्यासारखं काहीच नसतं. जंगल काल होतं, आजही आहे, एवढंच. म्हणून फोटो बाजूला ठेवून, जंगल तुटल्यावर काय काय जातं आणि रोपांनी त्यातलं किती परत येतं, ते ताडून पाहू.

कार्बनचा हिशोब सुरुवातीला लावणीच्या बाजूने दिसतो. वाढतं जंगल अधाशी असतं. दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या पुन्हा उगवलेल्या जंगलांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात पहिल्या वीस वर्षांत ती जुन्या जंगलाच्या ११ पट वेगाने कार्बन शोषताना दिसली. पण जुन्या जंगलातल्या साठ्याच्या ९० टक्के भरायला सर्वसाधारणपणे ६६ वर्षं. तोडून पेटवलेल्या जंगलाचं मुद्दल मात्र एका कोरड्या हंगामात धूर होऊन जातं.

पाण्याच्या बाबतीत लावणी राखणीवरच अवलंबून आहे, आणि पत्रकं हे सांगत नाहीत. अ‍ॅमेझॉनचं जंगल स्वतःच्या पावसाचा मोठा वाटा स्वतः तयार करतं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून हवेत जातं, वाऱ्याबरोबर पश्चिमेला सरकतं आणि पुन्हा पाऊस होऊन पडतं. मधला पट्टा तोडला की पुढच्याची तहान वाढते. जंगलाचा आग्नेय भाग, जिथे तोड जास्त झाली, तो आता शोषतो त्यापेक्षा जास्त कार्बन सोडतो, हे विमानातून केलेल्या मोजमापांवरून २०२१ मध्ये समोर आलं. अशा वाळत चाललेल्या जागी रोपं लावून ती कोणाच्या पावसावर जगवायची?

जीवजाळ्याचं पाहायचं तर ब्राझील नटचं झाड घ्या. ते तोडायला ब्राझीलमध्ये कायद्याने बंदी आहे, म्हणून आजूबाजूचं सगळं साफ करून कुरणात एकटं ठेवलेलं दिसतं. उंच, डौलदार, आणि जवळजवळ वांझ. त्याच्या फुलाचं झाकण उचलायला दांडग्या रानमाश्या लागतात आणि त्या जंगलातच राहतात. फळ नारळाच्या कवटीइतकं टणक. ते कुरतडून बिया पुरून ठेवणारा आणि त्यातल्या काही विसरणारा प्राणी म्हणजे अगूती. तो नसेल तर पुढचं झाड नाही.

लावणीचं सगळ्यात चांगलं उदाहरण रिओ दी जानेरोतलं तिजुका. कॉफीच्या मळ्यांनी डोंगर उघडे पडले, शहराला पाणी कमी पडू लागलं, तेव्हा १८६१ पासून सम्राट दुसऱ्या पेद्रोच्या काळात मेजर आर्चर यांनी तिथे हजारो झाडं लावून घेतली. आज तो डोंगर गर्द हिरवा आहे. पण अगूती तिथे परत यायला २०१० उजाडलं, तोही माणसांनी आणून सोडला म्हणून.

या दोन पत्रकांत न मावणारा तिसरा मार्गही आहे: जागा राखायची, गुरं आणि आग दूर ठेवायची, बाकी काही करायचं नाही. माती फार खराब झालेली नसेल आणि जुनं जंगल जवळ असेल तर बिया आपसूक येतात. मातीचा कस दहा वर्षांच्या आतही सावरू शकतो. जातींचा मूळ मेळ जमायला मात्र शंभराहून जास्त वर्षं. हा मार्ग सगळ्यात स्वस्त आहे. कदाचित म्हणूनच त्याचं पत्रक कोणी छापत नाही.

पीटची, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साचलेल्या झाडपाल्याची जमीन असेल तर गोष्ट वेगळी. बोर्निओ बेटावर, इंडोनेशियाच्या मध्य कालिमंतान प्रांतात १९९५ मध्ये दहा लाख हेक्टरवर भात पिकवायचं ठरलं आणि दलदलीतून हजारो किलोमीटर कालवे काढले. भात काही साधला नाही. कोरडं पडलेलं पीट १९९७ मध्ये पेटलं, २०१५ मध्ये पुन्हा. अशा ठिकाणी आधी कालवे बुजवणाऱ्याला पैसे द्या, रोपं नंतर.

राखणीतही फसवणूक चालते. ज्या जंगलाकडे कुऱ्हाड फिरकणारच नव्हती ते ‘वाचवलं’ म्हणून दाखवतात, किंवा इथली तोड पलीकडच्या खोऱ्यात सरकते. तरी राखण जमते याचा भक्कम पुरावा आहे. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ साली सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल तुटलं, २०१२ साली सुमारे ४,६००. उपग्रहावरून पाळत, दंड, राखीव क्षेत्रं, सगळं एकत्र लावलं होतं. नंतर पकड सैल झाली तसा आकडा पुन्हा चढला.

मी चारातले तीन भाग राखणीला देईन, त्यातही जिथे मूळ रहिवाशांच्या हक्काची जमीन आहे तिथे आधी. उरलेला एक भाग लावणीला, तोही माती इतकी खंगलेली असेल की आपसूक काही उगवणार नाही, आणि एकाच जातीच्या रांगा लावणार नसतील तरच. आणि फोटो हवाच असेल तर पाच वर्षांपूर्वी लावलेल्या रोपांचा, आज काढलेला मागा.