ई-रीडरवर रोमान्स, फँटसी आणि आपली माणसं: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मागच्या उन्हाळ्यात सहा इंची ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं मशीन, घेतला आणि तेव्हापासून जवळजवळ रोज हातात आहे, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. बॉक्स उघडल्या दिवशी लिहिलेले रिव्ह्यू ढीगभर आहेत, त्यात स्टोरेज किती नि वजन किती एवढंच असतं, पण त्यावर नेमकं काय वाचून मजा येते हे कुणी सांगत नाही. मी सगळ्यात जास्त वाचते रोमान्स, त्याच्या खालोखाल फँटसी, आणि हल्ली ज्याला डायव्हर्स फिक्शन म्हणतात ते, म्हणजे जात, भाषा, लैंगिकता, अपंगत्व यामुळे एरवी कडेला उभी केलेली माणसं ज्या गोष्टीत मधोमध असतात ते. त्याच हिशोबाने लिहितेय.

मशीनचं आधी उरकते. स्क्रीन ई-इंकची आहे, मोबाईलसारखा उजेड डोळ्यात मारत नाही, बाहेरचा उजेड कागदासारखा परत फेकते, त्यामुळे आपल्या सोलापूरच्या उन्हात गच्चीवर बसून सुद्धा अक्षर स्वच्छ दिसतं, उलट जितकं ऊन तितकं जास्त स्वच्छ. करंट मुख्यतः पान उलटतानाच लागतो, म्हणून बॅटरी आठवड्यांच्या हिशोबात चालते आणि लाईट गेली तरी काही अडत नाही. रात्रीसाठी कडेचे बारीक दिवे आहेत, ते पिवळट करता येतात, ते करूनच वाचा. पान उलटताना स्क्रीन मधेच काळी होऊन येते, चार दिवसात सवय होते.

आता रोमान्स. यासाठी हे मशीन म्हणजे वरदान आहे असं मी सरळ म्हणते. मी एका गारमेंट युनिटमध्ये हिशोबाला आहे, युनिफॉर्मचा सीझन असला की मान वर करायला वेळ नसतो, जेवणाच्या सुट्टीत वीस पंचवीस मिनिटं मिळतात, आणि तेवढ्यात प्रेमकथेचं एक प्रकरण बरोबर बसतं. कव्हर कुणाला दिसत नाही हे तर फारच मोठं. पुस्तकावर मिठी मारलेली जोडी दिसली की येणारा जाणारा विचारणारच, मॅडम हे काय वाचलालाय, आणि त्या विचारण्यात जो सूर असतो तो मला अजिबात चालत नाही. खून-दरोड्याची कादंबरी वाचणाऱ्याला कुणी असं विचारत नाही. प्रेमाच्या गोष्टीला आपल्याकडे पहिल्यापासूनच हलकं धरलंय, चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या दिवाळी अंकात आली तर तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ साली कुठे ते सुटले.

पण म्हणून रोमान्समधलं सगळंच चांगलं असंही नाही. ती नाही म्हणतेय आणि तो मागं मागं फिरतोय, शेवटी ती विरघळते, असल्या गोष्टी मी आता दहा टक्के वाचून झाल्या की बंद करते. नमुना प्रकरण फुकट उतरवता येतं त्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग याच कामाला झाला, हिरो पहिल्या दोन प्रकरणात वेटरशी नाहीतर ड्रायव्हरशी कसा बोलतो ते बघायचं आणि ठरवायचं. शेवट गोड होणार हे आधीच माहिती असतं यावर लोक नाक मुरडतात, मला ते उलट अवघड काम वाटतं, कारण शेवट माहिती असून वाचणाऱ्याला धरून ठेवायचं तर दोघांचं बोलणं खरं लागतं. नुसत्या योगायोगावर अशी गोष्ट उभीच राहत नाही. मराठीत एक खटकतं, प्रेमात पडणारी माणसं बघावं तर पुण्याची नाहीतर मुंबईची, आयटीत नाहीतर परदेशात, आणि त्यांना पगाराची काळजी म्हणून नसते. मला कामावर दमलेली, घरी दळण आणायचं राहिलंय म्हणून चिडलेली नायिका पाहिजे, तिच्यावर कुणी जीव लावला तर तो मला खरा वाटेल.

फँटसीचं गणित इथं थोडं बिघडतं. फायदा उघड आहे, हजार पानांचा ठोकळा छातीवर घेऊन झोपायला नको. पण या पुस्तकांच्या सुरुवातीला नकाशा असतो आणि शेवटी राजघराण्यांची यादी, आणि सहा इंची करड्या स्क्रीनवर तो नकाशा म्हणजे नुसत्या मुंग्या. बोटाने मोठा करायला जावं तर अडकत अडकत होतो, मग यादीकडे जायचं, परत यायचं, तोवर लढाईची रंगत गेलेली. छापील पुस्तकात बोट घालून ठेवलं की काम होतं. शेवटी मी नकाशाचा फोटो मोबाईलवर उघडून शेजारी ठेवते. माझं प्रामाणिक मत, एका भागात संपणारी फँटसी यावर घ्या, सात भागांची मोठी मालिका कागदावरच वाचा. आणि इंग्रजीतलेच ड्रॅगन कशाला, आपल्याकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी मराठीत आणल्या त्याला दीडशे वर्षं होऊन गेली, नाथमाधवांचं ‘वीरधवल’ १९१३ चं. हे नाथमाधव सिंहगडावरून पडून कमरेखाली अधू झाले, नंतर बसल्या जागी लिहीत राहिले. लेखक जाऊन साठ वर्षं झाली की आपल्या कायद्याने कॉपीराइट संपतो, नाथमाधव १९२८ ला गेले, त्यामुळे असली पुस्तकं फुकट वाचायला काही अडचण नाही.

अडचण आहे ती फाईलची. जुनी मराठी पुस्तकं बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आहेत, आणि पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो, त्यात अक्षर मोठं करता येत नाही, पान सरकवत सरकवत वाचावं लागतं. मी एक अख्खं असं वाचलं, डोकं उठलं. युनिकोडमधली ईपब, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांची, अक्षर लहानमोठं करता येणारी फाईल, असेल तरच घ्या. नवीन पुस्तकं विकत घेतली तरी काही जुन्या फॉन्टमधून घाईघाईत बदललेली असतात, त्यात ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य फुटून भलतंच काहीतरी दिसतं, जोडाक्षर सुटतं, आणि नायक नायिकेचा हात धरतोय नेमक्या त्या ओळीत चौकोन येतो. पैसे घेऊन असं देणं बरोबर नाही.

डायव्हर्स फिक्शनबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. इंग्रजीत शोधलं की पर्याय पुष्कळ निघतात, मराठीत शोधायला गेलं की मोजकी नावं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मधली, भाऊ आणि बहीण दोघं एकाच माणसाच्या प्रेमात, ती वाचून मला पहिल्यांदा वाटलं की अशी माणसं आपल्या भाषेत, आपल्यासारख्या घरात, आपल्यासारखा चहा पीत असू शकतात. दलित साहित्य आपल्याकडे जबरदस्त आहे, शरणकुमार लिंबाळे तर आपल्याच जिल्ह्यातले, पण त्यात वेदना आणि लढा जितका आला तितकी निवांत प्रेमकथा आली नाही. मला तीही पाहिजे. दुःख दाखवलं म्हणजे त्या माणसाला जागा दिली असं होत नाही, त्यालाही लाजायला, रुसायला, उगाच फिरायला पानं मिळायला पाहिजेत.

आता आमच्या सोलापूरच्या पूर्व भागाचंच बघा की. घरात तेलुगू, शाळेत मराठी, दुकानात हिंदी, कन्नड वेगळीच, वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळते. इतकी वर्षं ही माणसं सोलापूर चालवतायत, आणि अशा घरातली मुलगी सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, कुणाला भेटायला चोरून गेली अशी एक गोष्ट मला या मशीनवर सापडली नाही. आत्याला हे म्हणलं तर ती म्हणाली, “अगं, आपल्यावर कोण लिहितंय.” मला ते पटत नाही. लिहा कुणीतरी, आणि नीट युनिकोडमध्ये काढा, मी पहिल्या दिवशी विकत घेते.

घ्यावं का विचाराल तर रोमान्स वाचणाऱ्यांनी डोळे झाकून घ्या. मोठ्या नकाशांची फँटसी किंवा जुनी मराठी पीडीएफच वाचायची असेल तर आठ-दहा इंचीच बघा, पैसे जास्त जातील पण वैताग वाचेल. कव्हर सोबतच घ्या, हिकडं धूळ लई, चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते.