बेससाठी क्लीन बूस्ट: सात-आठ महिने वापरून झाल्यावर

आधी सेटअप सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. बेस गिटार दोन आहेत, एक चार तारांचा पॅसिव्ह (म्हणजे आत बॅटरी नसलेला) जॅझ बेस आणि दुसरा पाच तारांचा ॲक्टिव्ह, ज्याच्या पोटात सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प आणि त्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी असते. पेडलबोर्ड छोटाच, ट्यूनर, कॉम्प्रेसर (मोठे झटके दाबून आवाज सारखा करणारा), एक ओव्हरड्राईव्ह (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा) जो क्वचित लागतो, आणि आता हा क्लीन बूस्ट, म्हणजे आवाजाचा रंग न बदलता फक्त लेव्हल वाढवणारा पेडल, एमएक्सआरचा मायक्रो ॲम्प. घरी लहान काँबो, बाहेर जे मिळेल ते. पुण्यात आणि आजूबाजूला वाजवणाऱ्यांना "जे मिळेल ते" म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, कधी छानपैकी चार स्पीकरचं कॅबिनेट असतं आणि कधी मंगल कार्यालयातला साऊंडवाला म्हणतो अॅम्प कशाला दादा, डायरेक्ट लाईनमध्ये द्या ना. वाजवतो काय, तर हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, लग्नातले संगीत, गणपतीतले कार्यक्रम, आणि मधूनच मित्रांबरोबर थोडं फंक.

आता बेसवाल्याला बूस्ट लागतो कशाला? गिटारवाला सोलोला पुढे यायला घेतो ते ठीक, पण बेसचा सोलो आमच्याकडे कोण ऐकतंय. माझी गरज वेगळी होती. एका गाण्याला पॅसिव्ह, पुढच्याला ॲक्टिव्ह असं बदलावं लागतं आणि दोघांच्या लेव्हलमध्ये चांगलाच फरक आहे. ॲम्पचा इनपुट गेन ॲक्टिव्हवर सेट केला की पॅसिव्ह एकदम बिचारा वाटतो, पॅसिव्हवर केला की ॲक्टिव्ह लावल्याबरोबर क्लिपची (सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याची) लाल लाईट. त्यात एकाच बेसवर पण बोटांनी वाजवलेलं वेगळं, तळव्यानं तारा दाबून अंगठ्यानं (पाम म्यूट) वाजवलेलं वेगळं, अंगठा तारेवर आपटून वाजवायचं स्लॅप वेगळंच. दर गाण्याला खाली वाकून नॉब फिरवणं स्टेजवर शक्य नसतं.

दुकानात आणि ओळखीच्यांकडून घेऊन जे जे वाजवून बघितलं त्याबद्दल थोडक्यात. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा एलपीबी-१ हा या सगळ्या प्रकाराचा आजोबा, कंपनीच्या माईक मॅथ्यूजनी १९६० च्या दशकाच्या शेवटी काढलेला, आत एकच ट्रान्झिस्टर. मजा येते, पण पॅसिव्ह बेससमोर त्याच्या मूळ सर्किटचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फारच कमी पडतो, पन्नास किलोओहमच्याही खाली. पॅसिव्ह पिकअपला समोर एक मेगओहमच्या आसपास काहीतरी हवं असतं, नाहीतर पिकअपवर लोड येतो आणि वरची चमक जाते. कुणाला तो जाडसर आवाज आवडतोही, मला "क्लीन" हवं होतं म्हणून नको. झोटिकचा ईपी बूस्टर हा एकोप्लेक्स ईपी-३ या जुन्या टेप एकोच्या प्रीॲम्पवर बेतलेला, २० डीबी (डेसिबल) पर्यंत वाढ देतो, आत दोन छोटे डिप स्विच आहेत आणि ९ ते १८ व्होल्टवर चालतो. आवाज फार गोड. पण तो रंग चढवतो, आणि मला चालू-बंद केल्यावर फक्त लेव्हल बदलायला हवी होती, बेस बदलल्यासारखा वाटायला नको होता. टीसीचा स्पार्क मिनी एवढासा, २० डीबी, त्याचं एक भारी आहे की पाय दाबून धरला तर तेवढ्यापुरताच चालू राहतो आणि उचलला की बंद. जागा कमी असेल तर तोच घ्या असं मी दोघा-तिघांना सांगितलंय.

मायक्रो ॲम्प घेतला कारण एकच नॉब, इनपुट इम्पिडन्स भरपूर, नॉब पूर्ण खाली असताना जवळजवळ जेवढं आत तेवढंच बाहेर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालच्या नोट्स जात नाहीत. गिटारसाठी बनवलेल्या पेडलची ही नेहमीची कटकट असते. चार तारांच्या बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, पाच तारांची बी तार ३१ हर्ट्झच्या जवळ. सर्किटमधले कपॅसिटर लहान असले की ते तिथेच खालचं कापून टाकतात, गिटारवाल्याला कळतही नाही कारण त्याची सगळ्यात खालची तारच ८२ हर्ट्झची. त्यामुळे दुकानात बूस्ट बघायला जाताना पाच तारांचा बेस असेल तर तोच न्या, बी तारेवर एक लांब नोट धरा, पेडल चालू-बंद करा. पोटातला धक्का कमी झाला तर पेडल परत ठेवा, मग त्यावर बेस लिहिलेलं असो नाहीतर आणखी काही.

आता डीबीबद्दल, कारण सगळे खोक्यावरचा आकडा बघूनच घेतात. मायक्रो ॲम्प २६ डीबी देतो म्हणतात, तर २६ डीबी म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज जवळपास वीसपट. जोरात वाजवलेल्या पॅसिव्ह बेसचा झटका सहज एक व्होल्टपर्यंत जातो. त्याचे वीस व्होल्ट करायचे आणि पेडलला सप्लाय ९ व्होल्टचा, कुठून आणणार? वरचं-खालचं टोक छाटलं जाणार, म्हणजे क्लीन राहिलंच नाही. बेसवर कामाचं अंतर आहे ते ४ ते १० डीबीचं, त्याच्या पुढचा नॉब मी कधी नेलेलाच नाही. ६ डीबीला व्होल्टेज दुप्पट होतं, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. बाकीचा आकडा खोक्यावर शोभेला.

आणि दुसरी बाजू ॲम्पची. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डीबी लागतात, आणि १० डीबीसाठी ताकद लागते दहापट. म्हणजे ३०० वॉटचा ॲम्प आधीच दमेपर्यंत चालवत असाल तर बूस्ट दाबल्यावर तो ३००० वॉटचा होणार नाहीये, तो फक्त चिरडलेला वाजेल. लोक म्हणतात बूस्ट घेतला पण काही फरकच पडत नाही, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं, मागे जागाच शिल्लक नसते. बेसला गिटारपेक्षा ताकद कितीतरी जास्त लागते, त्यामुळे ही भिंत आपल्याला लवकर लागते.

म्हणूनच मी तो उलटा वापरतो, आणि या सगळ्या लिहिण्यामागचं मुख्य कारण तेच आहे. माझा बूस्ट नेहमी चालू असतो. पॅसिव्ह जॅझ बेस, बोटांनी वाजवणं, बूस्ट चालू, साधारण ६ डीबी, हीच माझी रोजची लेव्हल. ॲम्पचा गेन, मिक्सरवरचा गेन, मॉनिटर, सगळं यावर सेट करायचं. मग ॲक्टिव्ह बेस लावला की बूस्ट बंद. स्लॅप आलं की बूस्ट बंद, कारण स्लॅपचे झटके बोटांपेक्षा इतके वर जातात की तिथे आवाज वाढवायचा नसतो, खाली आणायचा असतो. म्हणजे पेडल बंद करणं हाच माझा व्हॉल्यूम कट. असं केलं की ॲम्पला कधीही आपण ठरवलेल्या लेव्हलच्या वरचं काही द्यावंच लागत नाही आणि लाल लाईट बघायला मिळत नाही. बूस्ट हवा तेव्हा दाबायचा ही सवय सोडायला थोडे दिवस गेले, आता बंद करायला पाय आपोआप जातो.

याचा आणखी एक फायदा मिळाला जो आधी डोक्यात नव्हता. पॅसिव्ह बेसमधून लांब केबल ओढली की केबलच्या कपॅसिटन्समुळे वरची धार मरते, मोठ्या स्टेजवर तर दहा मीटरची केबल लागतेच. बूस्ट कायम चालू म्हणजे बोर्डच्या पुढच्या केबलला तो बफर म्हणून पण काम करतो (लांब केबल ओढायला सिग्नलला जोर देतो), तारेचा खणखणीतपणा शाबूत राहतो. बेस ते बोर्ड ही केबल मात्र छोटी ठेवा, तिथे बूस्ट काही करू शकत नाही.

बोर्डवर जागा कुठे, यावर आमच्या ड्रमरशी पण वाद झालाय (त्याला काय करायचंय देव जाणे). कॉम्प्रेसरच्या आधी ठेवला तर बूस्टनं वर ढकललेलं कॉम्प्रेसर खाली दाबतो, लेव्हल वाढत नाही, फक्त जास्त दाबलेला, जाड आवाज येतो. ओव्हरड्राईव्हच्या आधी ठेवला तर आवाज नाही, घाण वाढते. लेव्हलसाठी हवा असेल तर सगळ्यात शेवटी, कॉम्प्रेसरच्याही नंतर. माझा तिथेच आहे. एकच अडचण, कॉम्प्रेसरनं आधीच वर आणलेली सगळी सुसू (म्हणजे मागचा नको असलेला आवाज) पण त्याच्याबरोबर वाढते.

सुसूबद्दल जरा सविस्तर, कारण महिना-दीड महिना यातच गेला. जॅझ बेसला दोन सिंगल कॉईल पिकअप, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की एकाचा हम (विजेचा घुंघुं आवाज) दुसऱ्याला कापतो आणि शांत राहतो. पण मला ब्रिज पिकअप जास्त आणि नेकचा थोडा कमी असा आवाज आवडतो, तिथे हम परत जिवंत होतो, आणि त्यावर ६ डीबी बूस्ट म्हणजे हमसुद्धा ६ डीबी वर. लग्नाच्या हॉलमध्ये डिमरवाल्या लाईट असतील तर विचारूच नका. त्यात मी सुरुवातीला सगळी पेडल एकाच अडॅप्टरवर एका माळेत लावली होती आणि ट्यूनर डिजिटल असल्यामुळे बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा, बूस्ट नव्हता तोपर्यंत तो ऐकूच येत नव्हता. प्रत्येक पेडलला वेगळं आउटपुट असलेला आयसोलेटेड सप्लाय घेतला, शिट्टी गेली. म्हणजे बूस्टच्या किमतीत सप्लायची किंमत धरूनच बजेट करा, हे कुणी आधी सांगत नाही. हम मात्र पूर्ण गेलेला नाही, गाणं संपल्यावर व्हॉल्यूम खाली करायची सवय लावून घेतलीये.

साऊंडवाल्याशी बोलणं हा वेगळा विषय. हॉलमध्ये लोकांना ऐकू येतो तो बेस ॲम्पमधून नाही, डीआयमधून (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी डबी) मिक्सरला जातो तो. डीआय बोर्डच्या आधीच काढला असेल तर तुमचा बूस्ट फक्त तुम्हालाच ऐकू येतोय, बाहेर काहीच बदलत नाही. माझा डीआय बोर्डच्या नंतर असतो, आणि साऊंडचेकला मी बूस्ट चालू ठेवून जोरात वाजवतो आणि आधीच सांगून ठेवतो की दादा, याच्या वर मी जाणार नाही, खाली येईन. हे वाक्य ऐकून त्यांचा चेहराच बदलतो, कारण बाकीचे सगळे साऊंडचेकला हळू वाजवतात आणि कार्यक्रमात तुटून पडतात. उलट आधी बंद ठेवून सेट केलं आणि मध्येच दाबला, तर तो चॅनल खाली ओढणार आणि मग पुढचा अख्खा कार्यक्रम तुम्ही खालीच.

आता जिथे हा पेडल कमी पडतो ते. आवाज वर येणं आणि ऐकू येणं या दोन गोष्टी एक नाहीत. लावणी किंवा ढोलकीवरचं गाणं असलं की ढोलकीची डावी बाजू, कीबोर्डवाल्याचा डावा हात आणि आपला बेस सगळे एकाच खोलीत कोंबलेले असतात, तिथे सरसकट ६ डीबी वाढवले की फक्त चिखल वाढतो. तिथे हवं असतं ४०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात थोडंसं, म्हणजे बोट तारेवर पडल्याचं कळतं आणि ढोलकीच्या घुमण्यातूनही नोट वाचता येते. एक नॉबचा बूस्ट हे करू शकत नाही. मित्राकडचा बॉस कंपनीचा जीईबी-७ हा ईक्यू पेडल (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या वर-खाली करणारा) काही दिवस आणून ठेवला होता, सात पट्ट्या, ५० हर्ट्झपासून १० किलोहर्ट्झपर्यंत, प्रत्येकी १५ डीबी वर-खाली, वर वेगळा लेव्हलचा स्लायडर. ४०० आणि ८०० जरासे वर, ५० किंचित खाली, लेव्हल तशीच, आणि ढोलकीच्या गाण्यात माझा बेस पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला, तोही आवाज न वाढवता. मग तोच का नाही ठेवला? कारण दोन बेसची लेव्हल जुळवायला मला रंग न बदलणारं काहीतरी हवंय, आणि त्याचे स्लायडर बॅगेतून काढताना हलतात. पण एकच बेस असेल आणि असल्या गर्दीच्या गाण्यांमध्ये वाजवत असाल, तर क्लीन बूस्टच्या आधी ईक्यू पेडल घ्या, हे मी स्वतःचा बूस्ट समोर ठेवून सांगतोय. मायक्रो ॲम्पचाच प्लस म्हणून एक मोठा भाऊ आहे, त्याला बेस आणि ट्रेबलचे नॉब आहेत, पण मला पाहिजे ती मधली पट्टी त्यातही नाही.

किरकोळ गोष्टी. नॉब पायानं फिरतो, सेट केलेल्या जागी पांढऱ्या मार्करनं खूण करा आणि भोवती जाडसर रबरी रिंग बसवा. लेव्हल कानानं जुळवू नका, कान थकतात आणि जे मोठं तेच बरं वाटतं. घरी ऑडिओ इंटरफेसमधून दोन्ही बेसवर तेच रिफ रेकॉर्ड करा, मीटर बघा, आणि झटक्यांचे शेंडे न बघता सरासरी कुठे बसते ते जुळवा. तारा जुन्या झाल्या की हा हिशोब थोडा सरकतो, नव्या स्टील तारा बसवल्यावर मला नॉब थोडा खाली आणावा लागला.

आणि ज्यांच्याकडे एकच ॲक्टिव्ह बेस आहे त्यांनी हा खर्च करूच नये. तुमच्या बेसमध्ये आधीच प्रीॲम्प बसलाय, व्हॉल्यूमचा नॉब आठवर ठेवून वाजवा आणि लागेल तेव्हा दहावर न्या. पैसे उरले तर चांगली केबल घ्या, आणि बॅगेत एक जास्तीची ९ व्होल्टची बॅटरी टाका.