ठिबकचा कंट्रोलर, एका हंगामानंतर: बाकी सगळं चांगलं, फ्लॅश मेमरी मात्र उघडी

आठ व्हॉल्व्ह आणि फ्लोमीटरवाला (म्हणजे किती पाणी गेलं ते मोजणारा) हा ठिबक कंट्रोलर मी चोपडा तालुक्यातल्या आमच्या केळीत गेल्या मृगबागेच्या (जून-जुलैच्या) लागवडीआधी बसवला. फीचर सगळ्यांना माहीत आहेत, ते पुन्हा लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण आत हीच चिप आणि अशीच रचना असलेले बोर्ड बाजारात बरेच आहेत. तुमचा बोर्ड कोणाचाही असला तरी खालचं लागू पडू शकतं.

आधी चांगलं सांगतो. पावसाळ्यात डब्यात पाणी शिरलं नाही. व्हॉल्व्हच्या कॉइल एकदाही अडकल्या नाहीत. स्क्रीन मराठीत आहे, आणि आमचा सालदार आठवड्याभरात स्वतः वेळा बदलायला लागला. खताचा डोस लिटरवर बांधता येतो, त्यामुळे पांढरा पोटॅश वाया जाणं थांबलं. हिवाळ्यात मला कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो.

मग उन्हाळा आला. घड भरायच्या दिवसांत झाडाला दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि पाच बाय पाच फुटांच्या लागवडीत एकरी सतराशेच्या वर झाडं बसतात. अशा वेळी एका सकाळी सालदाराचा फोन: "भाऊ, नळीमा पानीच नही." जाऊन पाहिलं तर स्क्रीनवर सगळे व्हॉल्व्ह 'पूर्ण' दाखवत होते आणि माती मात्र कोरडी. सेटिंगमध्ये शिरल्यावर कळलं. आमचा फ्लोमीटर दर १० लिटरला एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका, देतो, तिथं १०० लिटर आलं होतं. म्हणजे कंट्रोलरने दहावा हिस्सा पाणी सोडून व्हॉल्व्ह बंद केला आणि हिशोब पूर्ण झाला असं समजला. व्हॉल्व्हना दिलेली नावंही पुसली गेली होती. आकडे पुन्हा भरले, चाललं. नंतर लाइट गेली-आली आणि तेच झालं. ४५ अंशाच्या उन्हात बागेचा ताण वाढत होता आणि मी दर वेळी आकडे भरत बसलो होतो.

डीलरला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, मदरबोर्ड बदलावा लागेल, साडेसात हजार." वॉरंटीचं विचारलं तर म्हणे व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने वर सल्ला दिला: तुमच्याकडची लाइट खराब आहे, स्टॅबिलायझर लावा. इथं मला खरा राग आला. खानदेशात तीन फेज कधी दिवसा येते, कधी रात्री, आणि येते तशी जाते. हे ठाऊक असूनच तर शेतीचा कंट्रोलर म्हणून हे मशीन इथं विकायला आणलंय. लाइट चोख असती तर पहाटे उठून मोटार चालू करायला माणसं होतीच.

मी शेतीत परत येण्याआधी बरीच वर्षं फर्मवेअरचंच, म्हणजे यंत्राच्या आतल्या प्रोग्रामचंच, काम केलंय. साडेसात हजार देण्याआधी डबा उघडला. आत एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोर्डाचा मेंदू, आणि शेजारी आठ पायांची विनबाँडची डब्ल्यू२५क्यू६४, म्हणजे ८ एमबीची एसपीआय फ्लॅश: लाइट गेली तरी माहिती धरून ठेवणारी मेमरी, मेंदूला एसपीआय नावाच्या मोजक्या तारांनी जोडलेली. पहिला संशय चिप नकली असल्याचा. क्लिप लावून प्रोग्रामरवर (चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्रावर) आयडी वाचला: ईएफ ४० १७, जसा हवा तसा. (सीएच३४१ए हा काळा स्वस्त प्रोग्रामर वापरत असाल तर सांभाळा. चिपला ३.३ व्होल्ट देत असला तरी त्याच्या डेटा लाइन ५ व्होल्टवर जातात. पैसे वाचवायला तो घेऊन चिपच घालवू नका.) दुसरा संशय उष्णतेचा. पण औद्योगिक दर्जाची ही चिप ८५ अंशांपर्यंत चालते, डबा एवढा तापत नाही. तिसरा संशय झिजेचा. या फ्लॅशचा ४ केबीचा एक सेक्टर, म्हणजे एकदम पुसला जाणारा तुकडा, साधारण एक लाख वेळा पुसता येतो. दर मिनिटाला तोच सेक्टर पुसला तर दिवसाला १,४४० वेळा, आणि सत्तर दिवसांच्या आत खेळ संपतो. अशा चुका मी पाहिल्यात, म्हणून पूर्ण डंप, म्हणजे चिपमधल्या सगळ्या मजकुराची नक्कल, काढून पाहिला. लॉग (रोजच्या नोंदी) नीट गोल फिरवून, नवनवीन सेक्टरमध्ये लिहिलेला. ज्याने तो भाग लिहिला त्याला काम येतं, हे कबूल.

मग पहिला सेक्टर उघडला. पत्ता शून्यपासून सगळं एफएफ एफएफ एफएफ. कॅलिब्रेशन (मापं जुळवायचे आकडे), व्हॉल्व्हची नावं, मीटरचा आकडा, सगळं त्याच ४ केबीत, आणि ते पुसलेलं.

का पुसलं जातं हे बघायला एसपीआयच्या तारांवर लॉजिक अ‍ॅनालायझर, म्हणजे तारांवरून जाणारे हुकूम टिपणारं यंत्र, लावला. मशीन चालू होताच ०६, म्हणजे लिहायची परवानगी. लगेच २० ०० ०० ००, म्हणजे शून्य पत्त्याचा सेक्टर पुसा. मग नवा मजकूर. कशासाठी? तर 'शेवटची लाइट कधी आली' ही तारीख त्याच सेक्टरमध्ये ठेवलीय म्हणून. फ्लॅशमध्ये लिहिताना बिट फक्त १ चा ० होतो. ० चा १ करायचा तर अख्खा सेक्टर पुसावा लागतो, पाटीवरचा एक शब्द बदलायला सगळी पाटी पुसावी तसं. या चिपला सेक्टर पुसायला साधारण ४५ मिलिसेकंद लागतात, जास्तीत जास्त ४००. म्हणजे लाइट येण्याच्या नेमक्या क्षणाला हा बोर्ड आपली सगळ्यात मोलाची माहिती पुसून हवेत धरतो.

आणि आपल्याकडे त्या क्षणाला काय होतं ते प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. फेज आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी ऑटोवर एकदम उठतात. व्होल्टेज बसतं, कधी फ्यूज जातो, कधी परत ट्रिप होतं. बोर्डाचे ३.३ व्होल्ट खाली येतात. फ्लॅशला निदान २.७ व्होल्ट लागतात, पण एसटीएम३२ मात्र २ व्होल्टपर्यंत जागा असतो. मधल्या पट्ट्यात प्रोसेसर हुकूम देत राहतो आणि फ्लॅश तो हुकूम पाळायच्या स्थितीत नसते. याच एसटीएम३२ मध्ये व्होल्टेजवर लक्ष ठेवणारा पीव्हीडी आहे, २.९ व्होल्टला इशारा देतो. तो वापरून लिहिणं थांबवायला चार ओळी पुरतात.

माझा मुख्य मुद्दा आता येतो. चिपमध्ये राइट प्रोटेक्शन तयार बसलेलं आहे, फुकट. स्टेटस रजिस्टरमधले (चिपच्या सेटिंगच्या कप्प्यातले) बीपी, टीबी आणि एसईसी हे बिट लावले की हवा तेवढा भाग लिहिण्या-पुसण्यासाठी बंद होतो, अगदी पहिला ४ केबीचा सेक्टर तेवढाच बंद ठेवता येतो. कारखान्यातून चिप पूर्ण उघडी येते, आणि या बोर्डाने ती तशीच उघडी ठेवलीय. उलट दर वेळी चालू होताना ०१ ०० असा हुकूम जातो. म्हणजे चुकून कुठे लॉक असेल तर तोही काढा. दुसरीकडे एसटीएम३२ च्या आतल्या कोडवर यांनी रीड प्रोटेक्शन लावलेलं आहे. कोणी सहजासहजी वाचू शकत नाही, आणि ते काढायला गेलं की कोड आपोआप पुसला जातो. आपला कोड कोणी चोरू नये म्हणून एवढी काळजी, आणि शेतकऱ्याने भरलेल्या आकड्यांसाठी एक बिट लावला नाही. साडेसात हजारांच्या बोर्डापेक्षा हे मला जास्त लागलं.

उपाय मी असा केला. आधी मीटरचे आकडे नीट भरले. मग प्रोग्रामरने स्टेटस रजिस्टरमध्ये ई४ लिहिलं: तळचा ४ केबी बंद, आणि एसआरपी बिट १. हा एसआरपी बिट महत्त्वाचा. तो १ असेल आणि चिपचा तिसरा पाय, म्हणजे डब्ल्यूपी, खाली ग्राउंडला असेल तर स्टेटस रजिस्टरच बदलता येत नाही. मग ०१ ०० आलं तरी चिप ऐकत नाही. या बोर्डावर तिसरा पाय १० केच्या रेझिस्टरने ३.३ व्होल्टला बांधलाय आणि चौथा पाय ग्राउंड आहे. दोन पाय शेजारीच, त्यांच्यामध्ये शिशाचा एक थेंब टाकला की झालं. रेझिस्टरमधून पाव-अर्धा मिलिअ‍ॅम्पिअर जाईल तेवढाच. पण थेंब टाकण्याआधी मीटरने तपासाच. काही बोर्डांवर तो पाय रेझिस्टरशिवाय थेट ३.३ व्होल्टला असतो, तिथं हा थेंब म्हणजे सरळ शॉर्ट. आणि क्वाड मोड (एकदम चार तारांवरून डेटा नेणं), म्हणजे क्यूई बिट चालू असेल तर तो पाय डेटाचा होतो, मग डब्ल्यूपीचा उपयोग नाही.

त्यानंतर सगळा मे आणि जूनची वादळं त्यावर गेली. लाइट कितीदा गेली त्याचा हिशोब नाही. मीटरचा आकडा १० चा १० राहिला. स्क्रीनवरची 'शेवटची लाइट' ही तारीख मात्र एप्रिलमध्येच अडकलीय, कारण तो हुकूम आता चिप नाकारते. त्या तारखेवाचून माझं काही अडलं नाही. वेळापत्रक दुसऱ्या ब्लॉकमध्ये आहे, ते नेहमीसारखं बदलता येतं.

हे लिहीत असतानाच नवं फर्मवेअर आलं, म्हणून माझं मत थोडं बदलतोय. मी डंप आणि अ‍ॅनालायझरची चित्रं पाठवली होती. उत्तर कोणी दिलं नाही, पण फरक दिसतोय. तारीख आता लॉगमध्ये जाते. कॅलिब्रेशनच्या दोन प्रती ठेवतात, एक बिघडली तर सीआरसी (मजकूर शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा) बघून दुसरी उचलतात. लाइट आल्यावर काही सेकंद काहीच लिहीत नाहीत. हे खरोखर चांगलं काम आहे आणि त्याबद्दल मनापासून आभार. लॉकही लावलाय, पण एसआरपी बिट शून्यच, म्हणजे सॉफ्टवेअरने लावलेला, सॉफ्टवेअरनेच निघणारा. पाय ग्राउंडला नेणारा जम्पर पुढच्या बोर्डावर दिला तर माझी तक्रार संपली.

डीलरची तक्रार मात्र उभी आहे. डबा उघडला म्हणून वॉरंटी गेली असं त्याने लिहून दिलं. ज्या वॉरंटीत त्याने आधीच काही दिलं नव्हतं, ती गेल्याचं मला दुःख नाही. पण ज्याला सोल्डरिंग येत नाही त्या शेजाऱ्याने साडेसात हजार भरले आणि त्याला तेच जुनं फर्मवेअर असलेला बोर्ड मिळाला, हे चुकीचं आहे. कंपनीने अशा लोकांचे पैसे परत करावेत.

कांदेबागेसाठी, म्हणजे केळीच्या पावसाळ्यानंतरच्या लागवडीसाठी, दुसरा कंट्रोलर घ्यायचाय आणि मी हाच घेणार आहे, नव्या फर्मवेअरचा. घेणाऱ्यांनी डीलरसमोरच मीटरचा आकडा बदलून मेन स्विच चार-पाचदा भराभर चालू-बंद करून बघा, आकडा राहतो का ते. आणि माझ्यासारखा थेंब ज्यांनी टाकलाय त्यांनी अपडेट करण्याआधी तो काढा आणि स्टेटस रजिस्टर ०० करा. नवं फर्मवेअर पहिल्यांदा चालू होताना जुनं कॅलिब्रेशन नव्या जागी हलवून पहिला सेक्टर पुसतं. तो बंद असेल तर ते 'मेमरी एरर' दाखवून तिथंच थांबतं.