नाद खुळा म्हणून बसलो, पाच महिन्यांनी रिमोट ठेवला

मालिकेचं नाव घेत नाही, चॅनेलचंही नाही. ज्यांनी बघितलीय त्यांना चार ओळीत कळेलच आणि ज्यांनी नाही बघितली त्यांचं काही बिघडलेलं नाही. सोमवार ते शनिवार रात्री साडेनऊ, पाच महिने, मध्ये माहेरच्या जत्रेचे दोन दिवस आणि लाईट गेलेली एक रात्र सोडली तर एकही भाग चुकवलेला नाही, त्यामुळे 'दोन भाग बघून नावं ठेवायला लागलीस' असं म्हणायचं कुणी काम नाही.

बसलो कशाला तर प्रोमोला भुलून. रंकाळा, भवानी मंडप, मागं हलगी आणि वर 'कोल्हापूरच्या वाड्यातली धमाल'. टीव्हीवर कोल्हापूर दिसलं की आमच्या घरातली माणसं हातातलं काम टाकून येतात. 2016 ला 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली तेव्हा राणादाचा वाडा बघायला लोक गाड्या करून वसगड्याला जायचे, आमच्या स्वतःच्या दोन फेऱ्या झाल्यात, खोटं कशाला बोलू. आणि ही तर कॉमेडी. दिवसभर पतसंस्थेच्या काउंटरवर बसून डोकं उठलेलं असतं, म्हटलं रात्री अर्धा तास हसू. घरात आम्ही पाच जण, आत्या-मामा म्हणजे माझे सासू-सासरे, आम्ही दोघं आणि नववीतला पोरगा. पाचही जणांना एका खोलीत बसवणारं आमच्यात दुसरं काही उरलेलं नाही, जेवणसुद्धा नाही.

पहिले पंधरा दिवस खरंच चांगले होते हे आधी सांगते. दोन भाऊ, एक वाडा, वाटणी झालेली, मध्ये भिंत घातलेली. नळ थोरल्याच्या बाजूला राहिला आणि पाण्याच्या मोटरीचं कनेक्शन धाकट्याच्या मीटरवर. म्हणजे भांडण कितीही होऊ दे, सकाळी पाणी यायच्या वेळेला दोघांना एकमेकांशी बोलावंच लागणार. काय मस्त सुरुवात आहे बघा. दुसऱ्या की तिसऱ्या भागात थोरली जाऊ अबोला धरून भिंतीवर लाटणं वाजवते, एकदा वाजलं की मोटर चालू, दोनदा वाजलं की बंद, आणि नेमक्या त्याच दिवशी धाकटीच्या घरी पोळ्या लाटायला बाई येते. मामा हसून हसून खोकायला लागले, पाणी द्यावं लागलं. आमच्या ह्यांनी तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना तो भाग करून दाखवला.

आणि मग लेखकांना तो नळ सापडेनासा झाला.

महिन्याभरात भिंत पडली (प्रेमाने, स्लो मोशनमध्ये, बासरी वाजवून), भाऊ एक झाले, आणि दुबईहून थोरल्यासारखाच दिसणारा एक माणूस आला. डबल रोल. मग थोरल्याच्या डोक्याला मार, मग स्मृती गेली, मग धाकटीचं अपहरण, आणि अपहरण करणारे गुंड विनोदी म्हणून त्यातला एक तोतरा. तोतरा माणूस म्हणजे विनोद हे अजून चाललंय. गणपतीत त्याच चॅनेलच्या दुसऱ्या रडक्या मालिकेबरोबर महासंगम झाला तेव्हा आठवडाभर कोण कुणाची सून आहे तेच कळेना, आत्या म्हणाल्या, "मला वहीत लिहून द्या, मग मी बघतो."

हो, आत्या 'बघतो' म्हणाल्या. इथंच माझी दुसरी तक्रार. आमच्या कोल्हापुरात बायका सर्रास 'मी आलो, मी जातो, मी जेवलो' असंच बोलतात, मी पण घरात तशीच बोलतो, लिहिताना 'येते-जाते' लिहिते कारण शाळेत त्यापायी मार्क गेलेत. हे इथल्या भाषेतलं पहिलं लक्षात येणारं आहे, एसटी स्टँडवर दहा मिनिटं उभं राहिलं तरी ऐकू येतं. मालिकेत कोल्हापुरातच जन्मलेली हिरोईन मात्र 'मी येते हं' म्हणून जाते, आणि तिचा नवरा प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'नाद खुळा' म्हणतो. चहा आला नाद खुळा, चहा सांडला नाद खुळा, बाप आयसीयूत, डॉक्टर नाद खुळा. अरे, 'काय करालायस', 'पाऊस पडालाय', 'कुठं निघालास' हे कुठाय? 'भावा' म्हणायचे किमान पन्नास प्रकार आहेत आपल्याकडं, त्यातले पंचवीस मारामारीच्या आधीचे, त्यांना एकच येतो. भाषा म्हणजे शेवटी लावायचा शिक्का नव्हे, ती माणूस कसा रागावतो, कसा टाळाटाळ करतो त्यात असते. पोरगं म्हणालं, "मम्मी, हे लोक कोल्हापुरी चप्पल घालून पुण्यात शूटिंग करत असतील."

मिसळीचा सीन तर विसरू शकत नाही. चांगली तर्रीवाली मिसळ, क्लोजअप, वाफा, आणि शेजारी गोल पाव. आत्यांनी लगेच, "ह्यास्नी ब्रेड मिळाला न्हाई व्हय?" आपल्याकडं मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस असतात हो, साधी गोष्ट. कुणाला वाटेल ब्रेडवरून काय एवढं, पण ज्या माणसाला ब्रेड आणि पाव ह्यातला फरक बघावासा वाटला नाही तो त्या वाड्यात राहणाऱ्या जावाजावांकडं काय बघणार.

आणि कुस्ती. टीव्हीवाल्यांना कोल्हापूर म्हटलं की लाल माती. असू दे, खासबागचं कुस्ती मैदान आहेच आपलं. पण इथल्या पेठांचा रोजचा खरा जीव फुटबॉलमध्ये अडकलेला असतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार ह्या दोन तालमींच्या संघांची मॅच असली की एका घरातले दोन भाऊ एकमेकांच्या ताटातलं उचलून खात नाहीत. हा विनोद आयता पडलाय, लिहायचासुद्धा नाही, नुसता उचलायचा. तसंच पाणी. काळम्मावाडी धरणातून शहरात येणाऱ्या थेट पाइपलाइनची किती वर्षं वाट बघितली आपण, आंदोलनं झाली, निवडणुका झाल्या तिच्यावर, शेवटी 2023 च्या दिवाळीत पाणी शहरात आलं. महापालिका 1972 ला झाली आणि हद्दवाढीचं गुऱ्हाळ तेव्हापासून चालूच. एवढं सगळं दारात असताना तुम्ही दुबईहून डुप्लिकेट आणता?

मागून येणारं ते हसू आणि 'टॉइंग' आवाज ह्यावर मी जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की एकदा चुकून टीव्ही म्यूट झाला होता तो भाग आम्हाला जास्त बरा वाटला.

एक माणूस मात्र खरंच चांगला होता. वाड्याखालच्या किराणा दुकानाचे शेठ, आठवड्यातून दोनदा येतात, उधारीची वही उघडतात आणि समोरच्याकडं नुसतं बघतात. बास, एवढंच. काही बोलत नाहीत आणि आमच्याकडं पाचही जण हसतात. कारण आता ते काय करणार हे आपल्याला माहीत असतं आणि ते तेच करतात. मला वाटतं सिटकॉमचं, म्हणजे त्याच त्या माणसांच्या विनोदी मालिकेचं, सगळं इथंच असतं. माणूस बदलायचा नाही, त्याच्यासमोरची अडचण बदलायची. आमच्या मालिकेत अडचण एकच, टीआरपी, आणि माणसं दर पंधरा दिवसाला नवीन.

लेखकांची पण थोडी दया येते. आठवड्याला सहा भाग, जाहिराती सोडून प्रत्येकी साधारण बावीस मिनिटं धरली तरी दोन तासाच्या वर जातं, म्हणजे दर आठवड्याला एक अख्खा सिनेमा लिहायचा, तोही विनोदी, तोही न थांबता. कुणाला जमेल? धाकट्या भाऊजींनी मला ब्रिटिश लोकांची 'फॉल्टी टॉवर्स' दाखवली, हॉटेल चालवणाऱ्या एका चिडक्या माणसाची. सहा भाग 1975 ला आणि सहा भाग 1979 ला, झालं, एकूण बारा, आणि पन्नास वर्षांनी कोल्हापुरात मी सबटायटल वाचत वाचत हसतोय. आमच्या मालिकेचे पाच महिन्यात सव्वाशेच्या वर झाले असतील. त्यातले मला चार आठवतात.

आता तिच्या जागी आम्ही काय बघालोय ते सांगते, कारण खाली नुसतीच शिव्या घालणारी माणसं मला पण आवडत नाहीत.

पहिला नंबर 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. 2001 ला अल्फा मराठीवर (आताचं झी मराठी) सुरू झालेली, केदार शिंदेंचं दिग्दर्शन, दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' पुस्तकावरून. मी तेव्हा कॉलेजला होते, आता परत लावली तर भीती वाटत होती की जुनी वाटेल. टीव्ही जाड आहे आणि फोन वायरचा आहे, एवढंच जुनं. प्रभावळकर तेव्हा साठीचेसुद्धा नव्हते, 1944 चा जन्म त्यांचा, पण त्यांचे आजोबा, म्हणजे आबा टिपरे, असे बसतात, असे उठतात की आमचे मामा म्हणाले ह्या माणसाचे गुडघे माझ्यासारखेच दुखतात. मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या, चौघंही आपापल्या जागी पक्के. एका भागात एकच बारीकसं काहीतरी घडतं आणि शेवटी आबा डायरी लिहितात. अपहरण नाही, डबल रोल नाही. आठवड्यातून एकदाच यायची, त्यामुळे लिहिणाऱ्याला श्वास घ्यायला जागा होती ते दिसतं. राजन भिसे आणि शुभांगी गोखले नवरा-बायको म्हणून जे बोलतात ना, त्यात जोक असा कुठं नसतोच, पण आमचे हे आणि मी एकमेकांकडं बघत नाही त्या वेळी.

'साराभाई वर्सेस साराभाई' माझ्या आग्रहाने लावली. हिंदी, मुंबईच्या श्रीमंत घरातली, 2004 ला स्टार वनवर आलेली. मला शंका होती की आत्यांना रुचेल का, कारण त्यात सासू माया सुनेला उठता बसता मिडल क्लास म्हणून टोचते. पण आत्यांना मायाच आवडली! आता मी बोहारणीशी घासाघीस करून डबा घेतला की आत्या मायासारखी मान वळवतात. सतीश शहा आणि रत्ना पाठक शहा समोरासमोर असले की मध्ये कुणी काही करायची गरज नसते, आणि सुमीत राघवन आपल्या मराठी नाटकांतला म्हणून घरात त्याला वेगळे मार्क. 2017 ला त्याच मंडळींनी दुसरा सीझन आणला, तो नाही बघितला तरी चालेल. पहिला मात्र सोडू नका.

पोराची निवड 'गुल्लक'. प्रत्येक सीझन फक्त पाच भाग, 2019 ला सुरू झाली, छोट्या गावातलं मिश्रा कुटुंब आणि गोष्ट सांगतो कोण तर मातीचा गल्ला. आईचं काम गीतांजली कुलकर्णीने केलंय, हिंदी घरातली असून ती बाई आमच्या गल्लीतली वाटते. शेजारची बिट्टू की मम्मी तर प्रत्येक पेठेत एक आहेच, आमच्याकडं दोन आहेत. गावच्या ग्रामपंचायतीवरची हिंदी 'पंचायत' पण बघितली, पहिले दोन सीझन झकास, पुढं राजकारण वाढत गेलं तसा माझा इंटरेस्ट कमी झाला, पण ह्यांना उलट तेच आवडलं, शेवटी कोल्हापूरचे.

'हास्यजत्रा' लोक सुचवतील म्हणून आधीच लिहिते, ते स्किट आहे, सिटकॉम नाही, दमून आल्यावर दहा मिनिटं बघायला उत्तम, पण रोज भेटणाऱ्या माणसांची सवय लागते तसं तिथं होत नाही.

खरं तर ह्या सगळ्याच्या आधी आमचा पर्याय नाटक होता. केशवराव भोसले नाट्यगृहात रविवारी दुपारचा प्रयोग, मामा पुढच्या रांगेचं तिकीट काढायचे कारण त्यांना ऐकू कमी येतं. शाहू महाराजांनी 1915 ला उभं केलेलं ते थिएटर 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत गेलं. आम्ही गच्चीवरून धूर बघत होतो. त्यावर इथं जास्त लिहीत नाही, विषय वेगळा आहे.

तर आता साडेनऊला आबा टिपरे. मालिका अजून चालूच आहे, परवा प्रोमोत थोरली जाऊ पोलिसाच्या वेशात दिसली. आम्ही सोडली तेव्हा सगळ्यात खूश मामा झाले होते, "सुटलो बाबा" म्हणाले होते.

परवा मला सुट्टी होती. सकाळी अकराच्या सुमाराला चहा द्यायला गेले तर मामा एकटेच टीव्हीसमोर, रिपीट टेलिकास्ट, आवाज एकदम बारीक. मी म्हटलं, "मामा, हे काय ओ?" रिमोट उशीखाली सारत म्हणाले, "काय न्हाई गं पोरी. त्या नळाचं पुढं काय झालं, एवढंच बघालोय."