बोटावरचा ऑक्सिमीटर: प्राणायामाला किती कामाचा?

बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी सतरंजी टाकून प्राणायामाला बसणाऱ्या काहींच्या पिशवीत आता पाण्याच्या बाटलीशेजारी ऑक्सिमीटरही, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा चिमटा, असतो. करोनात घरात आलेलं यंत्र, पडून का राहावं? भस्त्रिकेआधी (जोरजोरात, भराभर श्वास घेण्या-सोडण्याआधी) ९७, नंतर ९९, म्हणजे दोन टक्के ऑक्सिजन वाढला, असा हिशेब मग मांडला जातो. यंत्र चांगलं आहे, हिशेब मात्र चुकतो.

आधी यंत्राबद्दल. चिमट्यासारखं, दोन ट्रिपल-ए सेलवर चालणारं साधं मॉडेल खडेबाजार किंवा किर्लोस्कर रोडच्या मेडिकल दुकानात हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतं. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं यावरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती, यावरून खोक्यावरच्या छापील किमतीवर घासाघीस करायला संकोच नको. आत दोन दिवे असतात: एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा, दुसरा डोळ्यांना न दिसणारा, ९४० च्या आसपासचा. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला जेवढा फरक पडतो तेवढाच धरायचा, ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली, आणि आजचं प्रत्येक यंत्र त्याच तत्त्वावर चालतं. चांगल्या यंत्रातही साधारण दोन टक्के इकडेतिकडे होतातच. म्हणजे ९७ चे ९९ झाले, तर तो फरक यंत्राच्या चुकीच्या आतच बसतो.

घेताना दोन गोष्टी बघा. पडद्यावर नाडीची लाट दिसली पाहिजे, नुसती उड्या मारणारी पट्टी नको. आणि पीआय, म्हणजे बोटातला रक्तप्रवाह किती जोरकस आहे ते सांगणारा आकडा हवा. तो १ च्या वर असला तर बरं, ०.४ च्या खाली गेला की वरच्या टक्केवारीवर भरवसा ठेवू नका. टेबलावर स्थिर ठेवलेल्या पेनाला चिमटा लावून ठाम ९८ दाखवणारं यंत्र दुकानातच परत करा. आणखी एक बारीक गोष्ट: यंत्रावरचे आकडे इंग्रजी असतात, आणि इंग्रजीतला ९८ उलट बाजूनं पाहिला की ८६ दिसतो. वयस्कर माणसाच्या पोटात गोळा यायला तेवढं पुरतं. बटण दाबून पडदा फिरवता येतो, ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. नाडीचा ७२ हा ऑक्सिजनचा आकडा समजून घाबरणारेही कमी नाहीत. ऑक्सिजनच्या बाजूला टक्क्याची खूण असते.

आता मापायचं कसं. पाच मिनिटं शांत बसा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे बोटं गार पडतात, ती चोळून ऊबदार करा, कारण रक्त बोटापर्यंत नीट पोचलं नाही तर यंत्र चाचपडतं. नेलपॉलिश काढा, काळी मेंदी असेल तर दुसरं बोट निवडा. अनुलोम-विलोमात उजवा हात नाकावर असतो, म्हणून चिमटा डाव्या हाताच्या मधल्या बोटाला, नखाची बाजू वर. हात मांडीवर सैल. बोट पार आतपर्यंत गेलं पाहिजे; वाढलेलं नख आडवं येतं. ऊन थेट पडत असेल तर वरून रुमाल टाका. लाट एकसारखी यायला लागली की अर्धा मिनिट थांबून मग आकडा लिहा. कपालभाती चालू असताना मापू नका: पोटाच्या झटक्यांनी हात हलतो आणि यंत्र त्या हलण्यालाच नाडी समजतं.

मग वाढ का दिसत नाही? निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ भरलेलं असतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. १५ ग्रॅम असेल तर १०० मिली रक्तात २० मिलीच्या आसपास. ९७ चे ९९ झाले तरी भर पडते जेमतेम ०.४ मिलीची. उलट हिमोग्लोबिन ९ वर आलेल्या बाईच्या रक्तात १२ मिलीच असतो, आणि यंत्र तिलाही ९८ दाखवतं. बसमध्ये किती सीट भरल्या ते यंत्र सांगतं, बसगाड्या किती आहेत ते सांगत नाही. जिना चढताना धाप लागत असेल तर ९८ पाहून गप्प बसू नका, रक्त तपासून घ्या.

जोरजोरात भस्त्रिका केल्यावर कानावर पडणारं वाक्य असतं, "आकडा शंभर आलाय, खरं डोकं गरगरायलंय." दोन्ही खरं आहे. जलद श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्यानं उतरतो, त्यानं मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि हिमोग्लोबिन आपल्याकडचा ऑक्सिजन सहज सोडत नाही. ओठांना मुंग्या, हाताची बोटं वाकडी होणं, हे त्याचंच. अशा वेळी शंभरचा आकडा कौतुकाचा नाही. थांबा आणि साधा श्वास घ्या. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी हे जलद प्रकार करूच नयेत.

संथ श्वासाची गोष्ट वेगळी, आणि या यंत्राची खरी गंमत तिथंच आहे. दर श्वासातली सुमारे १५० मिली हवा श्वासनळ्यांतच राहते, फुप्फुसाच्या पिशव्यांपर्यंत जात नाही. मिनिटाला १५ श्वास, प्रत्येकी ५०० मिली, म्हणजे साडेसात लिटरपैकी कामाला येते सव्वापाच. तीच साडेसात लिटर हवा सहा श्वासांत घेतली तर सहा लिटर ६०० मिली. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांना मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावले तेव्हा त्यांच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण वाढलं, असं १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं होतं. तेव्हा ज्यांचा बसल्या जागेचा आकडा ९३-९४ आहे, त्यांना संथ अनुलोम-विलोमात तो थोडा वर सरकताना दिसू शकतो. औषध मात्र सोडायचं नाही.

कुंभकात, म्हणजे श्वास रोखून धरण्यात, सगळ्यात जास्त फसगत होते. फुप्फुसातून निघालेलं रक्त बोटापर्यंत पोचायला आणि यंत्रानं सरासरी काढायला वीस-तीस सेकंद जातात. श्वास धरलेला असताना ९७ दिसतो, सोडून दोन श्वास घेतल्यावर आकडा घसरतो. पडद्याकडे बघत ‘अजून उतरला नाही, आणखी धरू’ म्हणणं म्हणूनच धोक्याचं. श्वास बाहेर टाकून धरला, तर साठा कमी असल्यानं घसरण लवकर येते. आणि भस्त्रिकेनंतर लगेच लांब कुंभक नकोच: कार्बन डायऑक्साइड उतरलेला असतो, श्वास घ्यायची हाक उशिरा येते, तोवर माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

हे यंत्र कुठं खोटं बोलतं तेही माहीत हवं. विडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटला की यंत्र त्याला ऑक्सिजनच समजतं. निपाणी-चिकोडी भागातल्या विडी ओढणाऱ्यानं ९८ पाहून छाती फुगवू नये. बंद न्हाणीत बंब किंवा गॅस गिझर पेटवून कुणी भोवळ येऊन पडलं, तर ऑक्सिमीटर ९९ दाखवत असला तरी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा आणि थेट दवाखाना गाठा. सावळ्या-काळ्या त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो, याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२१ मध्ये सावध केलं होतं.

बेळगावची उंची साडेसातशे मीटरच्या आसपास, तिचा आकड्यावर सांगण्यासारखा परिणाम नाही. शांत बसून, ऊबदार बोटावर दोनतीनदा ९४ च्या खाली आला तर डॉक्टरांना दाखवा, ९० च्या खाली गेला तर त्याच घडीला निघा. फुप्फुसाचा जुना आजार असणाऱ्यांनी त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेला आकडा पाळावा. ओठ निळे पडले, बोलताना दम लागला, तर मापत बसू नये.

रोजच्या सरावात टक्केवारीपेक्षा शेजारचा नाडीचा आकडा जास्त बोलका. बसताना ८४, वीस मिनिटांच्या संथ अनुलोम-विलोमानंतर ७२ असं वहीत महिनाभर उतरलं, तर काहीतरी हाती लागतं. मनगटी घड्याळावर मात्र ऑक्सिजनची टक्केवारी मापू नका, जरा हात हलला की त्याचं गणित बिघडतं.

आतली रबरी गादी आठवड्यातून एकदा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, पाण्यात बुडवू नका. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. गळालेल्या सेलनं पत्र्यावर पांढरट-हिरवी बुरशीसारखी साय चढली की चांगलं यंत्र वाया जातं.