मुलाची कस्टडी: कन्सेंट टर्म्स करायच्या की केस लढायची?

घटस्फोट तर ठरलाय, अडलंय ते मुलावरून, वकील म्हणतात लढू आणि कोर्टातले मॅरेज काउन्सेलर म्हणतात बसून ठरवा, अशा पेचात असलेल्या आईबाबांसाठी हे लिहितेय. माझं मत आधीच सांगते. मारहाण नसेल, मुलाला धोका नसेल तर कन्सेंट टर्म्सच, म्हणजे दोघांनी संमतीने ठरवून कोर्टात दिलेल्या लेखी अटीच, कराव्यात, पण त्या मोघम लिहिणार असाल तर त्यापेक्षा लढून मिळवलेली स्पष्ट ऑर्डर बरी.

आधी एक गैरसमज काढून टाकूया कारण त्याच्यावरच अर्ध्या केसेस उभ्या राहतात. वडील म्हणतात कायद्याने नॅचरल गार्डियन (नैसर्गिक पालक) मीच, आई म्हणते लहान मूल आईलाच मिळतं. हिंदूंसाठी 1956 चा कायदा आहे, त्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा 'साधारणपणे' आईकडे असं आहे, म्हणजे नेहमी आणि आपोआप नाही. वडील पहिले गार्डियन म्हणावं तर गीता हरिहरन केसमध्ये 1999 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यातलं 'वडिलांनंतर आई' म्हणजे वडील वारल्यावरच असं नाही, वडिलांचं मुलाकडे लक्षच नसेल तरी आई गार्डियन. आणि या सगळ्याच्या वर त्याच कायद्याचं कलम 13, मुलाचं हित सर्वात आधी. म्हणजे खात्रीचा विजय कुणाच्याच खिशात नाही, हे धरूनच निर्णय घ्या.

लढायचं तर 1890 च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली अर्ज करावा लागतो, तोही मूल नेहमी राहतं त्या भागातल्या कोर्टात, त्यामुळे मुलाला घेऊन समोरचा दुसऱ्या शहरात राहायला गेला असेल तर कोर्ट नेमकं कुठलं यावरूनच वाद सुरू होतो आणि बरेचदा फेऱ्या तुम्हाला माराव्या लागतात. खरी लढाई इंटरिम ऑर्डरची, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या ऑर्डरची असते. मुख्य निकालाला वर्षं जातात, तोपर्यंत मूल ज्याच्याकडे आहे तिथलीच शाळा, तिथलेच मित्र, आणि मग कोर्टही ती घडी मोडायला कचरतं, म्हणून ज्याला मूल भेटतच नाहीये त्याने इंटरिम ऍक्सेसचा (तोपर्यंत मुलाला भेटू देण्याचा) अर्ज अजिबात लांबवू नये. सुरुवातीला बरेचदा कोर्टाच्या चिल्ड्रन्स रूममध्ये तास-दोन तास भेट मिळते, कमी आहे, पण रेकॉर्डवर असते. मूल समजण्याइतकं मोठं असेल तर जज त्याच्याशी चेंबरमध्ये एकटं बोलू शकतात, त्याची इच्छा विचारात घेतली जाते पण शेवटचा शब्द त्या इच्छेचाच असं नसतं. मला सगळ्यात जास्त खुपतं ते एफिडेव्हिट (प्रतिज्ञापत्र), कारण केस जिंकायला एकमेकांबद्दल जे लिहिलं जातं ते कागदावर कायम राहतं, आणि मूल उद्या मोठं होऊन ते वाचू शकतं.

लढण्याचा फायदाही आहेच, समोरचा मूल दाखवतच नसेल तर गोड बोलून काही होत नाही, ऑर्डरच लागते. आणि निकाल पटला नाही तर हायकोर्टात अपील करता येतं. संमतीने झालेल्या ऑर्डरवर मात्र अपील नाही, फॅमिली कोर्ट्स कायद्याच्या कलम 19 मध्ये तसं स्पष्ट आहे, म्हणून सही करण्याआधी चार वेळा वाचा.

मग तरी कन्सेंट टर्म्स का, तर बारीकसारीक गोष्टी आईबाप जेवढ्या नीट ठरवू शकतात तेवढ्या कुठलाही जज लिहून देणार नाही. 'वाजवी ऍक्सेस राहील' एवढंच लिहिलं असेल तर समजा की पुढच्या भांडणाचीच सोय करून ठेवलीय. कुठला वार, किती वाजता, मुलाला कुठून घ्यायचं, कोण सोडणार, रात्री राहायचं का, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, मूल आजारी पडलं तर बुडालेली भेट कधी, शाळा बदलायची तर कुणाला विचारायचं, पासपोर्ट कुणाकडे, सगळं लिहा. व्हिडिओ कॉलची वेळसुद्धा. यशिता साहू केसमध्ये 2020 साली सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्यालाही मुलाशी रोज पाचदहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. जॉइंट कस्टडी, म्हणजे ताबा दोघांकडेही, हेही संमतीने ठरवता येतं, लॉ कमिशनने (कायद्यातले बदल सुचवणाऱ्या सरकारी आयोगाने) 2015 च्या 257 व्या अहवालात तशी शिफारस केली होती, पण घरं जवळ नसतील आणि दोघांचं रोजचं बोलणं धड होत नसेल तर लहान मुलाला त्या धावपळीत घालू नका.

अजून एक, संमतीने घटस्फोट घेताना अर्जानंतर थांबावी लागणारी सहा महिन्यांची मुदत माफ करून हवी असेल तर पोटगी, ताबा सगळं खरंच मिटलंय का हे कोर्ट बघतं (2017 चा अमरदीप सिंग निकाल). त्यामुळे घाईघाईत 'पोटगी सोडते, पण मूल माझ्याकडे' किंवा 'पैसे देतो, ऍक्सेस वाढव' असले सौदे होतात. करू नका. मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे.

मारहाण, दारू, मुलाशी गैरवर्तन असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली मॅजिस्ट्रेट तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट मुलासाठी घातक वाटली तर नाकारूही शकतात. तिथे समजुतीने घ्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, अगदी घरचे असले तरी.

सही केली म्हणजे जन्मभराचं बांधलं गेलो अशी भीती खूप जणांना वाटते. तसं नाही. ताब्याची ऑर्डर कधीच कायमची नसते, परिस्थिती बदलली तर बदलता येते, हे रोझी जेकब केसपासून म्हणजे 1973 पासून ठरलेलं आहे, संमतीने झालेली असली तरी. पण त्यासाठी परत कोर्टात जावं लागतं, म्हणून टर्म्समध्येच एक कलम टाका की मूल सहावीत गेल्यावर, किंवा कुणी गाव बदललं तर, दोघं काउन्सेलरसमोर बसून वेळापत्रक परत ठरवतील. चार वर्षांच्या मुलासाठी लिहिलेलं वेळापत्रक बारा वर्षांच्या मुलाला पुरत नाही, त्याचे क्लास, मॅच, मित्रांचे वाढदिवस सगळे नेमके रविवारीच असतात.