मणिभवन, गावदेवी : वस्तीत काम करणाऱ्या गटांनी जावं का? जावंच

मणिभवन म्हणजे मुंबईत गांधीजी राहायचे ते घर, आता तिथे म्युझियम आहे. आधीच सांगतो, हा रिव्ह्यू फोटो काढायला जाणाऱ्यांसाठी नाहीये. वस्तीत, मोहल्ल्यात, सोसायटीत लोकांना धरून काहीतरी काम करणारे जे छोटे छोटे गट आहेत ना, कचऱ्याचं, नाल्याचं, झाडांचं नाहीतर दोन गल्ल्यांमधला तणाव कमी करायचं, त्यांच्यासाठी लिहितोय. माझ्याकडून ५ पैकी ५.

आम्ही कुर्ल्याचे. मिठी नदी आमच्या मागनंच जाते, विहार आणि पवई तलावाच्या ओव्हरफ्लोमधून निघून माहीमच्या खाडीला मिळते ती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आमच्या चाळीत काय झालं होतं ते इथल्या कुणालाही विचारा. आमचा गट त्यामुळेच सुरू झाला, उशिरा झाला पण झाला. दर दुसऱ्या रविवारी काठावरचं प्लास्टिक उचलायचं आणि रोजचा सुका कचरा घरोघरी वेगळा करून घ्यायचा, एवढंच काम. त्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, दोन ख्रिश्चन घरं आहेत, आणि सगळा सुका कचरा जातो आमच्या भंगारवाल्या चाचांकडे, ते वजन करून पैसे देतात त्यातून ग्लोव्हज आणि गोण्या येतात.

मग एक फॉरवर्ड आला. नाल्यात घाण टाकतानाचा फोटो आणि खाली लिहिलेलं की बघा हे आपल्याच एरियातले लोक, पावसाळ्यात पुन्हा बुडवणार आपल्याला, आणि कोण "लोक" ते न लिहिताही सगळ्यांना कळेल असं लिहिलेलं. फोटो मुंबईचा नव्हताच, दुसऱ्याच शहरातला जुना होता हे नंतर कळलं, पण तोपर्यंत कुणीतरी चाचांच्या गोडाऊनसमोर जाऊन आवाज चढवून आलं होतं. मीही तो फॉरवर्ड पुढे पाठवला होता, चार ग्रुपवर. चाचांनी कचरा घेणं बंद केलं, काही बोलले नाहीत, शटर अर्धं खाली ओढलं आणि आत गेले. तीन आठवडे गोण्या जिन्याखाली पडून. रविवारी पंचवीस जण यायचे तिथे नऊ आले.

त्या काळात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सुचवलं की भांडण मिटवायला मीटिंग घेऊ नका, मीटिंगमध्ये जास्तच भांडतात, सगळ्यांना घेऊन कुठेतरी बाहेर जाऊया. त्यांना शाळेत असताना मणिभवनला नेलं होतं तेवढी आठवण. चौदा जण निघालो, चाचा नव्हते, त्यांचा मुलगा आला.

कुर्ल्याहून दादर, तिथे बदलून वेस्टर्नची स्लो पकडायची, ग्रँट रोडला पश्चिमेला उतरून चालत. रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉक आधी बघून घ्या. लॅबर्नम रोड म्हणजे एकदम शांत गल्ली, मुंबईत आहोत असं वाटतच नाही, आणि ऑगस्ट क्रांती मैदानही तिथून जवळच आहे. घर रेवाशंकर जगजीवन झवेरींचं, गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की इथेच राहायचे. खाली लायब्ररी, लाकडी जिना, जिन्यात भिंतीभर फोटो, दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली, काचेतून बघायची, गादी आणि चरखे. बाजूला छोट्या छोट्या बाहुल्यांचे देखावे आहेत त्यात सगळं आयुष्य दाखवलंय, आमच्यातली पोरं तिथून हलेनात. पत्रंही आहेत, हिटलरला १९३९ मध्ये लिहिलेलं त्यातलंच एक. १९५९ मध्ये मार्टिन लूथर किंग भारतात आले होते तेव्हा ते या घरात राहिले होते, हे वाचून चाचांचा मुलगा दोन मिनिटं तिथेच उभा राहिला.

इथपर्यंत ठीक, म्युझियम छान आहे, शांत आहे, स्वच्छ आहे. पण मी ५ पैकी ५ देतोय ते दोन गोष्टींसाठी, आणि त्या दोन्ही मला एका भेटीत कळल्या नाहीत. रविवारी तिथल्या माहितीत नुसता उल्लेख वाचला, डोक्यात राहिलं, मग एका मंगळवारी रजा टाकून लायब्ररीत जाऊन बसलो. गांधीजींच्या समग्र लेखनाचे इंग्रजीत १०० खंड आहेत, त्यातला कुठला काढायचा हे साल माहीत असेल तर सोपं जातं, म्हणून सालं खाली लिहितोय.

पहिली गोष्ट १९१९ ची. रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह याच घरातून चालला. ६ एप्रिलला हरताळ, सकाळी चौपाटीवर समुद्रात अंघोळ करून लोक जमले, मग मुसलमानांनी बोलावलं म्हणून गांधीजी आणि सरोजिनी नायडू एका मशिदीत जाऊन बोलले, संध्याकाळी सरकारने बंदी घातलेली पुस्तकं रस्त्यावर उघड विकली आणि लोकांनी चार आण्याच्या पुस्तकाला त्याहून कितीतरी जास्त पैसे दिले. आणि दुसऱ्या दिवशी, ७ एप्रिलला, "सत्याग्रही" नावाचं पत्रक काढलं, मुद्दाम नोंदणी न करता, कारण प्रेसचा कायदा मोडायचा होता. आता नीट बघा, त्या पत्रकावर वाचकाला सांगितलेलं होतं की वाचा, नक्कल करा, मित्रांना द्या आणि त्यांनाही नक्कल करून पुढे द्यायला सांगा. म्हणजे फॉरवर्डच की! पण त्यावर संपादक म्हणून गांधीजींचं स्वतःचं नाव होतं, आणि त्यांनी स्वतःच एक प्रत मुंबईच्या पोलीस कमिशनरला पाठवून दिली, की हे मी काढलंय.

हे वाचलं आणि मला घाम फुटला. कायदा मोडणारा माणूस नाव लिहितो, जबाबदारी घेतो, शिक्षा झाली तर मला होऊ दे म्हणतो, आणि आपण एक फोटो चार ग्रुपवर टाकतो ज्याच्यावर कुणाचंच नाव नाही, आणि त्याच्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाच्या दारात लोक ओरडून येतात.

दुसरी गोष्ट १९२१ ची आणि ही जास्त महत्त्वाची. १७ नोव्हेंबरला प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे इंग्लंडचा युवराज, मुंबईत उतरला, काँग्रेसचा बहिष्कार होता, आणि स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिश्चन, ज्यू लोकांवर जमावाने हल्ले केले, दुकानं फोडली, मग उलट हल्ले झाले, पन्नासच्या वर माणसं गेली. हल्ला सुरू करणारे गांधीजींचा जयजयकार करणारेच होते. हे मला माहीतच नव्हतं, शाळेत आपण फक्त इंग्रज विरुद्ध आपण एवढंच शिकतो. गांधीजींनी १९ तारखेपासून मणिभवनमध्ये उपास धरला. इंग्रजांविरुद्ध नाही, आपल्याच माणसांनी केलं म्हणून. आणि लिहिलं काय, तर ज्यांनी सुरुवात केली त्या हिंदू-मुसलमानांनी पारशी, ख्रिश्चन, ज्यू लोकांची आधी माफी मागायची, ते उलट काय करतात याची वाट न बघता. २२ तारखेला सगळ्या समाजांचे पुढारी, असहकारवाले आणि त्यांच्या विरोधातले, तिथेच एकत्र आले तेव्हा उपास सोडला.

आमच्या इथे सगळं अडलं होतं ते याच्यावरच. जो तो म्हणत होता की त्यांनी पण बोललं पाहिजे, त्यांनी पण यायला पाहिजे, आम्हीच का. मी लायब्ररीतून निघालो तो सरळ गोडाऊनला गेलो. चाचांना म्हटलं, चाचा तो फोटो मीही पाठवला होता, चुकलं माझं, माफ करा. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, म्हणाले, "बैठो बेटा, चाय आएगी." नंतर ज्यांनी आवाज चढवला होता ते दोघं काकूंबरोबर जाऊन आले, त्याला अजून दोन आठवडे लागले, आणि एक जण अजूनही गेलेला नाही. पण शटर वर झालंय. आणि ग्रुपवर आता एकच नियम आहे, परिसराबद्दल काही टाकायचं तर खाली स्वतःचं नाव, कुठे, किती वाजता, आणि स्वतः बघितलं का. परवा नाल्यात टँकरमधनं काहीतरी सोडताना एका मुलीने बघितलं तर तिने असंच लिहून टाकलं, आणि तक्रार करताना आम्हाला तोच मेसेज जसाच्या तसा वापरता आला.

आता अपेक्षा काय ठेवू नका ते सांगतो. कचरा कसा वेगळा करायचा, कांदळवनाचे नियम काय, हे इथे मिळणार नाही. त्याच्यासाठी धारावी-माहीमच्या मधलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघा, तिथे आधी डम्पिंग ग्राउंड होतं आणि आता मिठीच्या काठावर ३७ एकरांत जंगल उभं आहे, आमच्यासारख्यांना ते नुसतं बघूनच बळ येतं. दंगलीनंतर पोलीस आणि लोकांना एकत्र बसवायचं काम मुंबईत कसं झालं ते समजून घ्यायचं असेल तर १९९२-९३ नंतरच्या मोहल्ला कमिट्यांबद्दल वाचा, माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस कमिशनर सतीश साहनी, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी उभं केलेलं काम, पोलीस आणि वस्तीतल्या पोरांच्या क्रिकेट मॅचेसही त्यातल्याच. आणि मणिभवनहून परतताना नाना चौकात सर्वोदय मंडळाचं गांधी बुक सेंटर लागतं, तिथे पुस्तकं खूप स्वस्तात मिळतात, मंडळ जेलमध्ये कैद्यांच्या गांधी विचार परीक्षाही घेतं. आम्ही गटासाठी मराठीतली पाच पुस्तकं घेतली, ती आता गोडाऊनच्या फळीवर असतात, भंगार घालायला येणारी पोरं बसल्या बसल्या चाळतात.

अजून थोडं. घाईत जाऊ नका, दोन तास ठेवा. मोठा गट असेल तर आधी कळवून जा. लहान मुलं असतील तर देखाव्यांपासून सुरू करा आणि मोठ्यांना लायब्ररीत बसवा, सगळे एकत्र फिरलात तर कुणाचंच नीट वाचून होत नाही. ज्याच्याशी बिनसलंय त्याला बरोबर घ्या, तो नाही आला तर त्याच्या घरातल्या कुणाला तरी घ्या. लायब्ररीत वही-पेन घेऊन जा.

पुढच्या महिन्यात आम्ही परत जातोय. यावेळी चाचा येणार आहेत, त्यांना मार्टिन लूथर किंग कुठल्या मजल्यावर राहिले होते ते विचारायचंय.